कांद्यावरचं ४० टक्के निर्यातशुल्क एका अधिसूचनेनं लागलं. यात संसद येते कुठे?

गोणपाट (धागाकर्ता)

१९ ऑगस्ट २०२३ ला, शनिवारी, कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टलाच संपलं होतं. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. इथे ना विधेयक, ना चर्चा, ना मतदान. राजपत्रात अधिसूचना आली आणि बंदरात शुल्क भरणं सुरू झालं.

हा 'कायद्याचा अधिकार' नेमका कोणता? अशी अधिसूचना पुढे संसदेत जाते का, आणि गेली तर तिथे तिचं काय होतं? वित्तविषयक स्थायी समिती अशा गोष्टी बघते का? उत्पादकांच्या संघातर्फे खासदारांना निवेदन द्यायचं आहे. 'अन्याय झाला' एवढंच लिहून दिलं तर ते फाइलला लागून बसतं, म्हणून त्यांच्याकडे नक्की काय मागायचं ते कळलं तर बरं.

पोटकलम

अधिसूचना उघडली की दराकडे नंतर बघा, आधी पहिलं वाक्य वाचा. 'इन एक्सरसाइज ऑफ द पॉवर्स कन्फर्ड बाय' याच्या पुढे जे कलम लिहिलेलं असतं, त्यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

निर्यातशुल्काच्या वस्तूंची यादी सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. यादीत नसलेली वस्तू घालायची किंवा असलेल्या वस्तूचा दर वाढवायचा, आणि तेही तातडीनं, तर कलम ८(१) वापरतात. तुमचा 'कायद्याचा अधिकार' तो हा. संसदेनंच १९७५ साली सरकारच्या हाती दिलेला.

पण त्याला अट आहे. कलम ८(२) तुम्हाला कलम ७(३) कडे पाठवतं. तिथे लिहिलंय की अशी अधिसूचना संसद चालू असेल तर शक्य तितक्या लवकर, आणि बंद असेल तर पुन्हा भरल्यापासून ७ दिवसांत दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायची, म्हणजे सदस्यांसमोर रीतसर सादर करायची. लोकसभेच्या पटलावर ठेवल्या दिवसापासून १५ दिवसांच्या आत सरकारनं मंजुरीचा ठराव मांडायचा. संसद ती मंजूर करू शकते, बदलू शकते किंवा रद्द करू शकते. तुमच्या उदाहरणात १८ सप्टेंबर २०२३ ला विशेष अधिवेशन भरलं, म्हणजे ७ दिवस तिथून मोजायचे.

आता यातली मेख. त्याच पोटकलमाच्या शेवटी म्हटलंय की तोवर अधिसूचनेखाली जे झालं त्याच्या वैधतेला बाध येत नाही. म्हणजे संसदेनं उद्या शुल्क रद्द केलं तरी मधल्या काळात गेलेल्या कंटेनरवर भरलेलं शुल्क परत मिळत नाही. नाशिवंत मालाच्या बाबतीत तो मधला काळ म्हणजेच सगळा हंगाम.

दुसरा रस्ता आहे सीमाशुल्क कायदा, १९६२ चं कलम २५(१), सूट देण्याचा अधिकार. त्याखालच्या अधिसूचना कलम १५९ प्रमाणे पटलावर ठेवतात. एकूण ३० दिवस त्या तिथे राहतात, ते दोन-तीन अधिवेशनांत विभागले तरी चालतं. मंजुरीचा ठराव लागत नाही. कुणी बदलाचा किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव आणला आणि दोन्ही सभागृहांनी तो मान्य केला, तरच काही होतं. पहिल्या रस्त्यात सरकारला होकार मागावा लागतो, दुसऱ्यात कुणी नाही म्हणेपर्यंत सगळं चालू राहतं.

गोणपाट

मग शुल्क १३ सप्टेंबर २०२४ ला ४० चं २० झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं, ते कोणत्या रस्त्यानं?

पोटकलम

कमी करायला सूट पुरते, ठरावाची गरज नसते. पण निवेदनात घालण्याजोगा मुद्दा नेमका इथेच आहे. सूट दिली म्हणजे अनुसूचीतला दर पुसला जातो असं नाही. अनुसूचीत वस्तू तशीच राहिली आणि वर फक्त सूट असली, तर ती सूट मागे घेतली की जुना दर आपोआप उभा राहतो. हातात येणारा परिणाम करवाढीचा, कागदावर मात्र सूटीतली दुरुस्ती. कलम ७(३) चा ठराव त्याला लागत नाही.

आयातीत हे सर्रास चालतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झालं, तेही सूटीच्या अधिसूचनांमध्ये बदल करून. तेव्हा कांद्याच्या बाबतीत पहिली मागणी हीच करा की दुसऱ्या अनुसूचीतली नोंदच काढा. नुसत्या शून्य दरावर समाधान मानू नका.

एक सुधारणा मात्र झाली आहे. वित्त कायदा २०२१ नं कलम २५ मध्ये पोटकलम ४ए घातलं. सशर्त सूट वेगळी मुदत दिलेली नसेल तर दोन वर्षांनंतर येणाऱ्या ३१ मार्चला आपोआप संपते. त्यामुळे जुन्या सूटींकडे निदान अधूनमधून बघावं तरी लागतं.

सभापटल

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त ठरावाकडून फार आशा ठेवू नका. हे ठराव वित्त राज्यमंत्री मांडतात आणि बहुतेक वेळा आवाजी मतदानानं निघून जातात. खासदाराला खरंच काही करायचं असेल तर कार्यक्रमपत्रिकेत ठराव दिसताच त्यावर दुरुस्तीची नोटीस द्यावी, निदान एक दिवस आधी: '४०' ऐवजी '१०', किंवा अमुक तारखेपर्यंतच. कर कमी करणाऱ्या दुरुस्तीला घटनेच्या कलम ११७(१) च्या परंतुकाप्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस लागत नाही, वाढवणारीला लागते. दुरुस्ती पडणार हे धरूनच चाला. पण मतविभागणी मागितली तर कोण कुठे उभं होतं ते नोंदीवर येतं.

पटलावर ठेवलेल्या कागदांची यादी संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. शोधताना विषय टाकू नका, अधिसूचनेवर छापलेला राजपत्रातला सा.का.नि. क्रमांक टाका, कारण यादीत 'कांदा' हा शब्द क्वचितच सापडेल. 'सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५९ खाली खालील अधिसूचना, स्पष्टीकरणात्मक निवेदनासह' असा एक ओळीचा मथळा आणि खाली आकड्यांची रांग, एवढंच असतं.

स्थायी समितीबद्दल. तिच्यात ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री येत नाहीत, सचिव येतात. समिती अनुदानाच्या मागण्या (मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव) बघते, वार्षिक अहवाल बघते, पाठवलेली विधेयकं तपासते. पण खुद्द वित्त विधेयक तिच्याकडे जात नाही! खर्च तपासायला समिती आहे, कराच्या प्रस्तावाला मात्र ती पायरी नाही. दैनंदिन कारभारात शिरायलाही तिला नियमानं मनाई आहे. म्हणून 'अमुक अधिसूचना तपासा' असं लिहू नका. 'नाशिवंत शेतमालावरील निर्यातशुल्काचं धोरण' असा विषय द्या, तो त्यांच्या कक्षेत बसतो.

उपकर

वित्त विधेयकाचा विषय निघालाच आहे तर २०२३ चं उदाहरण द्यायलाच हवं. १ फेब्रुवारीला मांडलेल्या विधेयकात प्राप्तिकराचं कलम ५०एए हे मार्केट लिंक्ड डिबेंचरपुरतं (बाजाराच्या चढउतारावर परतावा ठरणाऱ्या रोख्यांपुरतं) होतं. २४ मार्चला लोकसभेत ६४ सरकारी दुरुस्त्या आल्या. त्यांतल्या एकीनं त्याच कलमात ३५ टक्क्यांपर्यंतच देशी समभाग असलेले म्युच्युअल फंड घातले. इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सवलत, गेलं, नफा कितीही वर्षांनी काढला तरी अल्पमुदतीचा. लागू कधीपासून, तर १ एप्रिलपासूनच्या खरेदीला. विधेयक त्याच दिवशी गदारोळात, चर्चेविना मंजूर झालं. मूळ विधेयक ज्यांनी फेब्रुवारीत बारकाईनं वाचलं, त्यांनाही ही गोष्ट दिसणं शक्य नव्हतं.

विधेयकाच्या कक्षेबाहेरची दुरुस्ती लोकसभेचा नियम ८० अडवतो. त्यावरचा उपाय म्हणजे मंत्रीच तो नियम त्या दुरुस्तीपुरता स्थगित करायचा प्रस्ताव मांडतात आणि तो मंजूर होतो. २०१८ मध्ये तर अनुदानाच्या मागण्या आणि वित्त विधेयक दोन्ही गिलोटिनखाली गेले, म्हणजे चर्चेविना थेट मतदानाला टाकले.

सरकारला घाई असण्याचं एक खरं कारणही आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी वाढलेलं सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्क लगेच वसूल व्हावं म्हणून विधेयकात घोषणापत्र जोडतात. पूर्वी १९३१ चा कायदा होता, आता २०२३ चा तात्पुरत्या करवसुलीचा कायदा आहे. त्याचा जोर ७५ दिवसच टिकतो. पण ७५ दिवस म्हणजे काही कमी नाहीत. त्यातले दोन आठवडे समितीला द्यायला कुणाची ना नसावी.

पोटकलम

@उपकर, चित्र एकतर्फी होतंय. २३ जुलै २०२४ ला जमीन-घरांवरचं इंडेक्सेशन काढलं, ओरड झाली आणि ७ ऑगस्टला सरकारनं स्वतःच दुरुस्ती आणली: २३ जुलैआधी घेतलेल्या मालमत्तेवर रहिवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला १२.५ टक्के बिनइंडेक्सेशन किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, यांतलं कमी पडेल ते. दुरुस्ती हे हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं.

आणि समितीला वेळ मिळाला तर काय होतं ते प्राप्तिकर विधेयक २०२५ मध्ये दिसलं. १३ फेब्रुवारीला मांडलं, बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे (त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या) गेलं, २१ जुलैला २८५ शिफारशींसह अहवाल आला. विवरणपत्र मुदतीनंतर भरलं तर परतावाच नाही, अशी तरतूद मूळ मसुद्यात होती. समितीनं ती काढायला सांगितली आणि ती गेली. सरकारनं ८ ऑगस्टला जुनं विधेयक मागे घेऊन ११ ला नवं मांडलं.

उपकर

...आणि ते ११ लाच लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं, १२ ला राज्यसभेत. समितीत काम झालं हे मान्य. पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, सभागृहात जी चर्चा नोंदीवर आली असती ती आलीच नाही. पुढे न्यायालयात एखाद्या कलमाचा हेतू शोधायला निघाल तर हाती फक्त अहवाल.

शेराबुक

दोन गोष्टी राहिल्या.

जीएसटीचे दर वित्त विधेयकात शोधू नका, ते अधिसूचनेतच असतात. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम ९ मध्ये फक्त २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. आधी २८ जून २०१७ ची १/२०१७ ही दर-अधिसूचना होती, २२ सप्टेंबर २०२५ पासून ९/२०२५ लागू आहे. पटलावर ठेवतात कलम १६६ खाली. संसदेत विचारलं की 'परिषदेच्या (म्हणजे जीएसटी परिषदेच्या) शिफारशीनुसार' असं उत्तर येतं आणि विषय तिथेच थांबतो. मोहित मिनरल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ ला म्हटलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, त्यांचं मोल मन वळवण्यापुरतं आहे. त्यामुळे खासदारानं त्या उत्तरावर गप्प बसायचं कारण नाही.

दुसरं, नियामक. सेबीचे विनियम कलम ३१ प्रमाणे पटलावर येतात, सेबीची परिपत्रकं येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या मास्टर डायरेक्शन्सचंही तेच. गुंतवणूकदाराला किंवा कर्जदाराला रोज टोचतात ती परिपत्रकंच. पटलावर येतच नाही त्याला ३० दिवसांचा नियम कुठून लागणार? तिथे स्थायी समितीनं गव्हर्नर किंवा सेबी अध्यक्षांना बोलावून विचारणं एवढीच वाट उरते.

गोणपाट

लोकसभेसाठी प्रश्नाचा मसुदा केलाय, बघा: (क) १९-०८-२०२३ ते ३१-०३-२०२५ या काळात कांद्यावरील निर्यातशुल्कातून किती महसूल मिळाला, महिनावार आणि बंदरनिहाय, (ख) ती अधिसूचना सभापटलावर कधी ठेवली, (ग) मंजुरीचा ठराव कधी मांडला, (घ) ८०० आणि ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य कोणत्या आधारावर ठरवलं, (ङ) मंत्रिमंडळात या निर्णयाला कुणाचा विरोध होता, (च) शुल्क अन्यायकारक होतं असं सरकारला वाटतं काय?

सभापटल

(ख) आणि (ग) काढा. ही माहिती संसदेच्याच छापील कामकाजात आहे. उपलब्ध कागदपत्रांतली माहिती प्रश्नातून मागायची नाही, असं नियम ४१ मध्ये आहे. ती तुम्ही स्वतः शोधून खासदारांना द्या, मुदत चुकली असेल तर तो वेगळा मुद्दा होतो. (ङ) बाद होईल, मंत्रिमंडळातल्या चर्चेवर प्रश्न चालत नाही. (च) मत मागतोय, तोही बाद.

(घ) वित्त मंत्रालयाचा नाहीच. किमान निर्यातमूल्य आणि ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाची. त्यासाठी वेगळा प्रश्न टाका. सरमिसळ केली तर एक मंत्रालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. समित्याही दोन वेगळ्या आहेत.

(क) उत्तम आहे, तसाच ठेवा. त्याला जोडून विचारा: दुसऱ्या अनुसूचीत कांद्याची नोंद आज आहे काय, असल्यास ती काढण्याचा प्रस्ताव आहे काय. एकूण १५० शब्दांच्या आत. १५ पूर्ण दिवस आधी नोटीस लागते आणि चिठ्ठीत नंबर लागायला हवा. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) दिवसाला २०, अतारांकित (लेखी उत्तराचे) २३०. आकडे हवे असतील तर अतारांकितच बरा.

पोटकलम

बंदरनिहाय मागितलंय म्हणजे 'माहिती गोळा केली जात असून सभापटलावर ठेवली जाईल' असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. आलं तर निराश होऊ नका. ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. उत्तराची तारीख लिहून ठेवा आणि मुदत उलटली की खासदारांकरवी आश्वासन समितीला पत्र द्या. पत्रात प्रश्नक्रमांक आणि तारीख या दोन गोष्टी पहिल्या ओळीत असू द्या.