'व्हिव्हेशस'ला 'उत्साही' लिहू नका

कोशकिडा: इंग्रजी 'व्हिव्हेशस'बद्दल (vivacious) शब्दार्थांच्या एका टिपणात वाचलं, 'व्हिव्हेशस म्हणजे उत्साही; माणूस, बाजार, चर्चा, कुठंही लावा.' साफ चूक. उत्साहाला विषय लागतो: ट्रेकला जायचा उत्साह, वर्गणी गोळा करायचा उत्साह. व्हिव्हेशस हा स्वभाव. तो डोळ्यांत, हातवाऱ्यांत, बोलण्यात दिसतो. 'व्हिव्हेशस होस्टेस'चं 'उत्साही यजमानीण' केलंत की आग्रह करकरून वाढणारी बाई उभी राहते. मूळची बाई कोपऱ्यातल्या बुजऱ्या पाहुण्यालाही बोलतं करणारी आहे! इंग्रजीत बाजार व्हायब्रंट, चर्चा लाइव्हली, आणि ऐंशीतले टुणटुणीत आजोबा स्प्राइटली.

शुद्धमती: नुसते दोष काढू नका, प्रतिशब्द द्या. 'चुणचुणीत' आहे की आपला. शिवाय लॅटिन 'विवॅक्स' आणि आपला 'जीव' एकाच मुळातले. मग 'जिवंत' का नको?

कोशकिडा: मूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. 'विवॅक्स'चा एक अर्थ दीर्घायुषी, तोही घेणार का? 'जिवंत वर्णन' चालतं. 'जिवंत बाई' म्हणजे फक्त मेलेली नाही ती. 'चुणचुणीत'मध्ये हुशारी आणि चटपटीतपणा येतो. दहा वर्षांच्या मुलीला शोभतो, पन्नाशीच्या प्राध्यापिकेला नाही. तिथे 'हसरी-बोलकी' किंवा 'चैतन्याने सळसळणारी', वाक्य पेलेल तसं. 'चुलबुली' मात्र हिंदीतच राहू द्या. ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश 'विशेषतः स्त्रीबद्दल' असंही नोंदवतो. पुरुषाच्या शिफारसपत्रात हा शब्द खटकेल.

शुद्धमती: लहान मुलीपुरता तरी 'चुणचुणीत' राहिला म्हणायचा.

वकारवादी: अर्थ नंतर, आधी लेखन सुधारा. 'विवेशस' लिहा. एका शब्दात दोन-दोन 'व्ह' कशाला? इंग्रजीत तिथे 'ह' आहेच कुठे? हिंदीत 'वैन' लिहितात, कुणाचं अडत नाही.

कोशकिडा: अडतं. नुसतं 'वेस्ट' लिहिलं तर पश्चिम की बनियन? मराठी 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही. व्हीला ती घासावी लागते, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. आपला 'व' या दोघांच्या मधला, म्हणून व्हीला 'व्ह' आणि डब्ल्यूला 'व'.

वकारवादी: 'पुढे व्हा'मधला 'व्ह' महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेला आहे, त्यात घर्षण नाही! एक चूक झाकायला दुसरी करताय. त्या 'ह'पायीच लोक 'व्हायव्हेशियस' असं जोर लावून म्हणतात.

शुद्धमती: त्याचा 'ह'शी काय संबंध? 'व्हि' आणि 'व्हाय' दोन्ही उच्चार कोशांत आहेत. आघात 'व्हे'वर, शेवट 'शस'. 'शियस' तेवढं चूक.

कोशकिडा: आणि वकारवादी, तुम्ही 'टीवी' लिहिता का?

वकारवादी: 'टीव्ही' रुळलाय, त्याला हात लावत नाही. 'वेस्ट'चा घोळही मान्य, नाइलाजाने. तिथे 'व्ह' लिहीन. 'विवेशस' मात्र 'विवेशस'च लिहिणार. त्याचा गोंधळ कुठल्या शब्दाशी होतो ते दाखवा.