मदत हवी आहे: खांद्याला न छळणारं कार वॅक्स कोणतं?

निळीस्विफ्ट:

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ची स्विफ्ट, रंग गडद निळा, मुक्काम वाघोली. पार्किंग उघड्यावर, त्यातही आमच्या वाट्याला कंपाउंडलगतच्या आंब्याखालची जागा आली आहे. मोहोर आला की टपावर चिकट थर, एरवी धूळ आणि पक्ष्यांची कृपा. पाणी टँकरचं, नाहीतर बोअरचं. धुऊन लगेच पुसलं नाही तर काचेवर आणि बॉनेटवर पांढरे डाग राहतात. पाइप लावायला सोसायटीची मनाई आहे, बादली चालते.

रंगाची कळा उतरलीय, पण पोपडे कुठे आलेले नाहीत. डिटेलिंगच्या दुकानात चौकशी केली तर सिरॅमिक कोटिंगच्या (रंगावर चढवायचा कडक, टिकाऊ थर) खाली कोणी बोलायलाच तयार नाही. नऊ-दहा हजारांच्या पुढचे आकडे ऐकून घरी आले. या गाडीवर आता तेवढा खर्च करायची इच्छा नाही, आपलं आपण वॅक्स करावं म्हणते.

अडचण खांद्याची. फ्रोजन शोल्डरमधून नुकती बाहेर पडलेय. हात वर जातो, पण टपावर जोर लावून घासणं जमणार नाही.

पेस्ट, लिक्विड की स्प्रे? डब्यावर 'कार्नोबा' असलंच पाहिजे का? आणि पांढरे डाग वॅक्सने जातात का? बजेट हजाराच्या आतबाहेर. जाणकारांनी सांगावं.

खटपट्या:

ताई, पेस्ट बाद. डबा घेताना सगळे लावायचा विचार करतात, घाम निघतो तो काढताना. पेस्टचा थर जरा जाड बसला किंवा उन्हात वाळला, की पुसता पुसता दोन्ही खांदे जातील.

स्प्रे घ्या, तोही ओल्या गाडीवर चालणारा. बाटलीच्या मागे तसं छापलेलं असतं. गाडी धुतली की पाणी पूर्ण टिपायचं नाही. एकेका पॅनलवर दोन-तीन फवारे मारायचे, मायक्रोफायबरने पसरवायचे आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच पुसायचं. जोर लावायचाच नाही, फडकं नुसतं सरकलं पाहिजे. टप करताना दार उघडून उंबऱ्यावर उभं राहा, हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही.

कार्नोबाचं फार मनावर घेऊ नका. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं ते मेण. वितळायला ८०च्या वर तापमान लागतं, म्हणजे मुळात दगडासारखं कडक. त्यामुळे कुठल्याही डब्यात ते सॉल्व्हंट आणि इतर मेणांमध्ये कालवलेलंच असतं. (गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही त्याचीच, पण ते असो.) गडद रंगावर खुलून दिसतं हे खरं. टिकायचं म्हणाल तर कार्नोबा पेस्ट महिना-दोन महिने, सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी कृत्रिम रसायनांचा थर) चार-सहा महिने, साधा स्प्रे काही आठवडे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून कमीच धरा.

टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, सोनॅक्स यांच्यातलं जे जवळ मिळेल ते. 'सिरॅमिक' लिहिलेला स्प्रे मिळाला तर जरूर घ्या, साध्यापेक्षा जास्त टिकतो. मात्र तो म्हणजे दुकानातलं कोटिंग नव्हे. आणि जास्त मारलात तर गडद रंगावर ओघळ आणि पट्टे दिसतात, हात आखडता ठेवा.

लालडबा:

निषेध! स्प्रे म्हणजे अंगाला पावडर लावून आंघोळ झाली म्हणण्यासारखं. पातळ हाताने लावलेली पेस्ट, सकाळची सावली आणि चहाचा थर्मास, एवढं असलं की रविवार सार्थकी लागतो. त्या निळ्याला जी खोली येईल ती स्प्रेने येणार नाही.

खटपट्या:

लालडबाराव, चकाकीबद्दल वाद नाही. पण खांदा त्यांचा आहे, थर्मास तुमचा.

साधी_राहणी:

वॅक्सच्या आधी डागांचं बघा, नाहीतर ते तसेच खाली बंद होतील. कडक पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत ते, वॅक्सने जात नाहीत. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. गाडी थंड असताना फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, हलकेच पुसा आणि भरपूर साध्या पाण्याने धुऊन टाका. आधी कोपऱ्यात एका डागावर करून बघा. एवढं करूनही वर्तुळ दिसत असेल, तर क्षाराने क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्लाय. तिथे पॉलिशच लागतं.

पॉलिश आणि वॅक्स या दोन गोष्टींची दुकानदारही सरमिसळ करतात. पॉलिश रंगाचा वरचा थर किंचित खरवडून सपाट करतं, वॅक्स वर नुसतं पांघरूण घालतं. गॅरेजवाला 'रबिंग (घासून पॉलिश) मारून देतो, नवी होईल' म्हणाला तर दोनदा विचार करा. क्लिअरकोट सगळा मिळून साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. दर दिवाळीला रबिंग करत बसलात तर उरणार काय?

लिक्विड वॅक्सच्या काही बाटल्यांवर 'क्लीनर वॅक्स' असतं, त्यातही सौम्य घासणारा माल असतो. कळा गेलेल्या रंगावर एकदा वापरायला बरं आहे, दर महिन्याला नको.

कोकणकडा:

आंब्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तो चिकट थर झाडाचा नव्हे, मोहोरावरच्या तुडतुड्यांचा. रस शोषतात आणि गोड चिकटा खाली सोडतात. राहू दिलात तर त्यावर धूळ बसते, काळी बुरशीही धरते. कोरडं फडकं अजिबात लावू नका. जुना टॉवेल कोमट पाण्यात भिजवून टपावर पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा, मग उचला. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय, फक्त तिथे उशीर नको. ती आम्लधर्मी असते, उन्हात वाळली की रंगावर ठसा उमटतो.

वॅक्स असलं की हे सगळं सुटायला सोपं जातं, एवढाच त्याचा खरा फायदा. झाडाखालच्या गाडीला जास्त टिकणाऱ्या वॅक्सपेक्षा वरचेवर मारता येणारं बरं, म्हणून माझंही मत स्प्रेलाच.

निळीस्विफ्ट:

सगळ्यांचे आभार, खूपच मुद्देसूद माहिती मिळाली. लालडबा, खांदा पूर्ण बरा झाला की तुमचा मार्ग एकदा करून बघेन.

दोन शंका राहिल्या. बंपरखालचं आणि आरशाजवळचं काळं प्लॅस्टिक आहे, त्यावर वॅक्स गेलं तर पांढरं पडतं असं ऐकलंय. दुसरं म्हणजे आमच्याकडे रोज सकाळी गाडी पुसायला एक दादा येतात. त्यांच्या पुसण्याने वॅक्स निघून जाईल का?

खटपट्या:

पांढरं पडतं ते मुख्यतः पेस्टने आणि पांढऱ्या लिक्विडने, खडबडीत प्लॅस्टिकच्या बारीक खाचांत ते वाळून बसतं. स्प्रे लागला तर लगेच पुसून टाका, बहुधा काही होत नाही. पुढच्या काचेवर मात्र फवारा उडू देऊ नका. पावसात वायपर फिरला की धुरकट फराटे येतात, रात्री समोरून दिवे आले की काही दिसत नाही.

साधी_राहणी:

पुसणाऱ्या दादांकडे नीट लक्ष द्या. वॅक्स जाण्यापेक्षा मोठा धोका ओरखड्यांचा आहे. एका बादलीत दहा गाड्या आणि एकच फडकं, म्हणजे पाचव्या गाडीपासून मातीच फिरवली जाते. उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. त्या यातूनच येतात, आणि गडद निळ्यावर जास्तच उठून दिसतात. त्यांना तुमची दोन स्वतंत्र फडकी देऊन ठेवा. बाहेरून रोज कोरडं पुसू नका, काचा तेवढ्या करा, असं सांगा. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी ओतून धुतलेली पुरते. पगार तेवढाच ठेवा, म्हणजे ते कुरकुर करणार नाहीत.

आणि धुवायला भांड्याचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. कार शाम्पूच आणा. 'वॉश अँड वॅक्स'वाला आणलात तरी हरकत नाही, पण त्याने स्प्रेचं काम होत नाही.

निळीस्विफ्ट:

कळलं. शनिवारी व्हिनेगर, रविवारी स्प्रे. दादांशी आज संध्याकाळीच बोलते.

गाडीवेडा_नाशिक:

धागा हायजॅक करत नाही, पण माझी बुलेट मॅट काळी आहे. हाच स्प्रे चालेल का?

खटपट्या:

नको. मॅटवर चकाकणारे डाग पडतात, आणि ते काढायला पॉलिशही करता येत नाही. मॅटसाठी वेगळं डिटेलर (मारून पुसायचा स्प्रे) मिळतं, ते बघा.