रे: रे: श्वाइट्झरच्या पत्रावर सही – शुक्रवारच्या आत हवी

मंडळी, रविवारी हॉलवर बोललो तेच परत लिहितेय कारण अजून काही हललेलं नाही. श्वाइट्झर फेलोशिप म्हणजे आरोग्यसेवा नीट न मिळणाऱ्या लोकांसाठी विद्यार्थ्याने करायचं 200 तासांचं काम आहे, वर्षभर, एक मेंटॉर (मार्गदर्शक) अर्ज करणाऱ्या पोरीच्या कॉलेजचा आणि एक ज्या संस्थेत काम करणार तिथला. कॉलेजच्या बाईंनी सही दिली, आपल्या मंडळाचीच अडलीय. पोरगी दोन महिने दर कट्ट्याला येऊन आजीआजोबांशी बोलून प्रपोजल लिहून बसलीय, तिला आता नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोण करतंय सही?
– ज्येष्ठ कट्टा

ताई, सही करायला ना नाही. पण कमिटीची मुदत डिसेंबरला संपते आणि हे काम पुढच्या वर्षात जाणार. लेटरहेडवर सही म्हणजे पुढच्या कमिटीच्या वतीने आपण शब्द दिल्यासारखं होतं. ढोलांच्या गोडाऊनचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहितीये, करार एकांनी केला आणि भाडं दुसऱ्यांनी भरलं. जनरल बॉडीत मांडूया.
– सचिव

गोडाऊनचं भाडं वर्गणीतून नाही, पथकाने स्वतः भरलं होतं. हे तिसऱ्यांदा लिहितोय.
– ढोल पथक

माझा मुद्दा वेगळा आहे. ही फेलोशिप शिकागोच्या साउथ साइड, वेस्ट साइडसारख्या वस्त्यांसाठी आहे, जिथे दवाखाना लांब आणि इन्शुरन्स नाही. आपण सबर्बात राहणारे, दारात दोन दोन गाड्या. आपण ती जागा अडवणं मला बरोबर वाटत नाही.
– नेपरव्हिलहून काका

काका, गाडी दारात आहे पण चालवणारी माणसं दिवसभर ऑफिसात असतात. शिकागोत डेव्हन रस्त्यावर, जिथे आपले बरेच लोक राहतात, निदान 155 नंबरची बस तरी आहे, आमच्या सबडिव्हिजनमधून चालत जाण्यासारखं काहीच नाही. आणि इन्शुरन्सचं म्हणाल तर ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना वय 65 झालं तरी सलग 5 वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) घेता येत नाही, आणि व्हिजिटर पॉलिसीत जुना आजार सहसा धरत नाहीत. सासूबाई इन्सुलिन पुरवून पुरवून घेत होत्या, आम्हाला खर्च नको म्हणून, ते मला चार महिन्यांनी कळलं. त्या आजही कुणाला सांगत नाहीत. अशा बायका कट्ट्यावर निदान पाच आहेत.
– शॉमबर्गची सून

वहिनींनी लिहिलंय ते मी काउंटरवर रोज बघते. आपल्या लोकांना वजन फार नसतानाही शुगर होते, म्हणून तर इथे आशियाई लोकांची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23 पासूनच करा म्हणतात, बाकीच्यांना 25. पण आजोबांच्या हातात कागद मिळतो तो ओट्स आणि सामन माशाचा. भाकरी किती, उपासाला साबुदाणा खाल्ला तर गोळीचं काय, हे मराठीत बसून समजावणारं कुणीतरी हवं, आणि त्यासाठीच ती पोरगी येतेय.
– फार्मसीवाली

आरोग्य शिबिर गेली नऊ वर्षं आम्ही चालवतोय. आधी आम्हाला विचारायला हवं होतं, एवढंच म्हणणं आहे. शिबिरात बीपी मोजतो, चिठ्ठी देतो, पुढे त्या माणसाचं काय झालं ते बघायला आमच्याकडे माणूस नसतो, आणि ती खंत मला दरवर्षी असते. म्हणून सांगतोय, मेंटॉर व्हायला मी तयार आहे. मी निवडून आलेलो नाही त्यामुळे डिसेंबरचा प्रश्न येत नाही. पण तपासणीच्या वह्या आमच्याकडेच राहतील.
– शिबिराचा दादा

दादा, वह्यांत लोकांची नावं आणि औषधं आहेत, त्या कुणाच्या गॅरेजमध्ये नकोत.
– फार्मसीवाली

कुलपाच्या कपाटात आहेत. बेसमेंटला.
– शिबिराचा दादा

काकांच्या मुद्द्यावर मी पोरीशी बोलले. 200 पैकी अर्धे तास डेव्हनच्या ज्येष्ठांसाठी आणि अर्धे आपल्याकडे, असं ती प्रपोजलमध्ये बदलायला तयार आहे, तिलाही ते पटलं. दादा, सही उद्या संध्याकाळी घ्यायला येते. सचिव, लेटरहेड मात्र आज रात्रीच पाठवा.
– ज्येष्ठ कट्टा

पाठवतो. सहीखाली ‘आरोग्य शिबिर’ लिहा, ‘कमिटीच्या वतीने’ नको. आणि बुधवारी दुपारी हॉलची किल्ली कुणाकडे असते?
– सचिव