पार्टिशन : विभाजन, कप्पा की पोटहिस्सा?

विंडोज असलेल्या हार्ड डिस्कवर, जुना डेटा जागेवर ठेवून, लिनक्स टाकायची कृती मराठीत लिहितोय. 'पार्टिशन'साठी 'विभाजन' वापरलं, पण 'तिसऱ्या विभाजनावर लिनक्स टाका' कानाला खटकतं. काय लिहावं?

– खटकणारच. विभाजन ही क्रिया. ती करून हाती येतो तो कप्पा. 'डिस्कचं विभाजन करा, तिसऱ्या कप्प्यात लिनक्स टाका' असं लिहा, कोणी अडखळणार नाही.

– 'फाळणी' १९४७मुळे टाळतात, पण भूमापनात फाळणी नकाशा असतोच. जमिनीचे शब्द इथे चपखल बसतात. डिस्कच्या वाटणीची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य कप्पे जास्तीत जास्त चार. आणखी हवे असतील तर त्यांतला एक विस्तारित करून त्याच्या पोटात पाडायचे. हा सरळसरळ पोटहिस्सा! लिनक्स पहिले चार आकडे मुख्य कप्प्यांसाठी राखून ठेवतं, म्हणून 'एसडीए' नावाच्या डिस्कवर पहिल्या पोटहिस्स्याचं नाव नेहमी 'एसडीए५'. नव्या जीपीटी पद्धतीत ही भानगड नाही, तिथे सहसा १२८ कप्प्यांची सोय असते.

– खरा घोटाळा 'मोकळी जागा' या शब्दाने होतो. सी ड्राइव्हमध्ये १२० जीबी मोकळी दिसते, तरी तिथे नवा कप्पा पाडता येत नाही, कारण ती सीच्या आतली आहे. आतली ती 'रिकामी', कुठल्याच कप्प्यात नसलेली ती 'वाटणीबाहेरची', असे दोन शब्द कटाक्षाने पाळा.

– आणि 'श्रिंक'ला (कप्पा लहान करण्याला) 'आकसणे' नको. कप्पा आपोआप आकसत नाही, आपण तो आवळतो. आधी बॅकअप, मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम'. तिथे आकडा एमबीत मागतात : ६० जीबी हवी तर ६१४४०. रिकामी जागा भरपूर असून थोडीच आवळता येत असेल, तर मध्ये पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती) किंवा हायबरनेशनची फाइल (संगणक बंद होताना मेमरीतलं जपून ठेवणारी) ठाण मांडून बसलेली असू शकते. त्या जागच्या हलत नाहीत. हायबरनेशन बंद करा, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही (विंडोज झटपट सुरू करण्याची सोय) जातं. ते चालू राहिलं तर विंडोज आपला कप्पा नीट मिटत नाही आणि लिनक्सला त्यात लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा.

– 'फॉरमॅट' मात्र तसाच ठेवा. 'मांडणी करा' असं वाचून कोणी ईएफआय कप्प्यावर (संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या) खूण केली, तर विंडोज सुरू करणारा बूटलोडर गेलाच. तो छोटा, बहुतेकदा १०० एमबीचा कप्पा फक्त जोडायचा, फॉरमॅटची चौकट कोरी ठेवायची.