विषाणूचा नमुना आधी द्यायचा, की लशीचा वाटा आधी ठरवायचा?

नवापूरवाला:
मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या बैठकीने, महामारी करार मंजूर केला. समितीतल्या मतदानात 124 देश बाजूने, विरोधात कुणी नाही, 11 तटस्थ. पण खरी गोम परिशिष्टात होती: नवा विषाणू सापडला की नमुना कुणी द्यायचा आणि बदल्यात काय घ्यायचं. नेमकं तेच पुढे ढकललं.

माझं मत, नमुना लगेच द्यावा. पण कळवणाऱ्याची भरपाई आधी ठरलेली हवी. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने तो पक्का केला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. परसातल्या चार-दोनसुद्धा सोडल्या नाहीत. भरपाई कोंबडीची मिळते. रिकाम्या शेडवर चढणाऱ्या बँकेच्या व्याजाची कोण देतो? पुढच्या वेळी कोंबडी मान टाकताना दिसली, तर माणूस पशुवैद्याला फोन करेल की व्यापाऱ्याला?

तापीकाठ:
भाऊ, अर्धंच बोललास. भरपाई मागून मिळत नसते, अडवून मिळते. 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायचे थांबवले. कारण त्यांच्याच विषाणूवरून परदेशी कंपनी लस बनवणार आणि ती यांनाच विकणार. तेव्हा कुठे सगळे टेबलावर आले, आणि 2011 मध्ये इन्फ्लुएन्झाच्या नमुन्यांपुरती देवाणघेवाणीची चौकट ठरली. गोड बोलून हे झालं असतं का?

फैजपूरची लॅबवाली:
झालं, पण चार वर्षं लागली! तो विषाणू माणसातून माणसात सहज पसरत नव्हता म्हणून निभावलं. 2003 च्या सार्सला 11 प्रयोगशाळा रोज फोनवर बोलत होत्या, महिनाभरात विषाणू ओळखला. 11 जानेवारी 2020 ला कोरोनाचा जनुकक्रम, म्हणजे विषाणूच्या जनुकांची पूर्ण मांडणी, जगासमोर आला, त्यावरच आरटीपीसीआर किट आखले गेले. ‘आधी करार, मग क्रम’ म्हणून शांघायचे शास्त्रज्ञ अडून बसले असते, तर आपण स्वॅब घेऊन तपासणार कशावर होतो?

तापीकाठ:
आणि दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन उघड केला, त्याचं बक्षीस काय? विमानं बंद. नवापूरवाल्याच्या कोंबड्यांचंच मोठं रूप.

भुसावळ जंक्शन:
हे करार म्हणजे उद्या संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातून लॉकडाऊन लावायची तयारी आहे. लिहून ठेवा.

फैजपूरची लॅबवाली:
करारात उलटंच लिहिलंय. लॉकडाऊन किंवा सक्तीचं लसीकरण लादायचा अधिकार संघटनेला नाही. वाचून तरी विरोध करा हो दादा.

तापीकाठभाऊ, श्रीमंत देशांनी लशी दाबल्या हे खरंच. पण 2021 च्या दुसऱ्या लाटेत आपणही पुण्याची लस बाहेर जाऊ दिली नाही, आणि कोव्हॅक्स या लसवाटपाच्या जागतिक योजनेवर विसंबलेले गरीब देश ताटकळले. आपल्याकडे खाटा मिळत नव्हत्या, त्यामुळे मी दोष देत नाही. पण दर वेळी लुटले गेलेले आपणच, हे रडगाणं नको.

नवापूरवाला:
करारात आकडा आहे ना: महामारीत सहभागी कंपन्यांनी उत्पादनाच्या 20 टक्क्यांचं लक्ष्य ठेवून लस-औषध संघटनेला उपलब्ध करायचं, त्यात उत्पादनाचे किमान 10 टक्के फुकट. तेवढं पदरात पडलं तरी पुष्कळ.

तापीकाठ:
‘सहभागी’ शब्दावरच तर घोडं पेंड खातं भो. जी कंपनी सहीच करणार नाही, तिच्या हाती जनुकक्रम लागणार की नाही, एवढं सांग. ऑनलाइन टाकल्यावर अडवणार कोण?

फैजपूरची लॅबवाली:
अडवू नये असंच माझं म्हणणं आहे. वसुली लस विकताना करा.