काळी एकला उतरवल्यावर तंबोऱ्याचा खर्ज खडखडतो

षड्ज_नाशिक: मिरजेचा पुरुषी तंबोरा पेटीच्या काळी दोन पट्टीवरून काळी एकला उतरवला आहे. तारा त्याच. जोडी (मधल्या, षड्जाच्या दोन तारा) ठीक आहे, पण खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) खडखडतो. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली घातलेला दोरा सरकवूनही फरक नाही. पंचम अ‍ॅपवर नेमका दिसतो, तरी जोडीबरोबर हेलकावतो. घोडी घासून घ्यावी का?

जवारीवाला: घोडीला इतक्यात हात लावू नका. एक स्वर उतरलात म्हणजे तारेचा ताण साधारण २० टक्के घटला. सैल तारेचा झोका मोठा होतो आणि ती घोडीच्या उतारावर अलगद टेकायच्या ऐवजी आपटते. खर्जाला एक नंबर जाड तार घाला आणि ती ताणून बसेपर्यंत जवारीचा (घोडीच्या उतारावरून उमटणाऱ्या झंकाराचा) निकाल काढू नका. मग दोरा पूर्ण काढून सूर लावा. साधा सुती शिवणाचा दोरा, एकपदरी, तारेखाली घालून अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवा. खडखड थांबून लांब झंकार उघडेल ती जागा. दोऱ्याने सूर किंचित हलतो, म्हणून मणी (घोडीखाली तारेत ओवलेला, बारीक सूर लावायचा) सगळ्यात शेवटी. तो खाली, तारदानाकडे (तारा बांधलेल्या टोकाकडे) ढकलला की सूर चढतो.

एवढं करूनही खडखड राहिली तर तार बाजूला करून तिरप्या उजेडात घोडी पाहा. खाच दिसली तरच कारागिराकडे न्या. घरी कानस मुळीच नको, घासून गेलेला उतार परत भरता येत नाही.

उपस्वर: पंचमाचा दोष अ‍ॅपचा आहे. ते पेटीसारखे समान अंतराचे स्वर दाखवतं. काळी एकला जोडी १३८.६ हर्ट्झ, अ‍ॅपचा मंद्र पंचम १०३.८३, खरा जुळणारा १०३.९५. फरक क्षुल्लक वाटतो, पण पंचमाचा चौथा उपस्वर (मूळ स्वरासोबत तारेतून उमटणारा, त्याच्या चौपट कंपनांचा वरचा स्वर) आणि जोडीचा तिसरा एकाच जागी येतात. तिथे तो चौपट होतो, म्हणजे दोन सेकंदांना एक हेलकावा. जवारीमुळे वरचे उपस्वर ठळक होतात, म्हणून तो कानाला बोचतो. तार मधोमध छेडली तर सम उपस्वर (दुसरा, चौथा वगैरे) नाहीसे व्हायला हवेत, तंबोऱ्यात मात्र ते ऐकू येतात, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच मांडलं होतं.

म्हणून अ‍ॅप फक्त जोडीच्या पहिल्या तारेपुरतं. दुसरी तार तिच्यात विरघळवा, मग खर्ज, शेवटी पंचम हेलकावा थांबेपर्यंत. खर्ज नीट लागला की त्यातून गांधार आपोआप उमटतो. तो पेटीच्या गांधाराहून थोडा उतराच असतो, त्याला पेटीशी जुळवायला जाऊ नका.

खुंटी: एक भर. नाशिकच्या थंडीत पहाटे लावलेला सूर दुपारी उतरतो, गारठ्यात आखडलेली तार उन्हं चढली की सैलावते. गाण्याच्या खोलीत अर्धा तास ठेवून मगच लावा. कोरड्या हवेत खुंटी घसरत असेल तर ती काढून खडू चोळा, तेल नको.