मदत हवी आहे : वणव्याचा सकाळचा धूर उपग्रहाच्या चित्रात कसा ओळखायचा?

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात राहतो. मोहाच्या हंगामात वणवे लागले की सकाळी धूर खोऱ्यात बसतो, दमेकऱ्यांचे हाल होतात. नासाच्या फर्म्स या आगी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर व्हिअर्सचे (उपग्रहावरच्या कॅमेऱ्यासारख्या उपकरणाचे) ३७५ मीटरचे ठिपके पाहतो. पण ठिपका आगीचा, धुराचा नाही. वर्ल्डव्ह्यू या नासाच्याच उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावरचं व्हिअर्सचं रंगीत चित्र दुपारी दीडच्या सुमाराचं. तोवर धूर विरलेला असतो, अन् उन्हाळ्यातल्या पांढुरक्या जमिनीवर धूळ कोणती, धूर कोणता, काही उमगत नाही. इन्सॅट या भारतीय हवामान उपग्रहांची चित्रं दर अर्ध्या तासाला येतात, म्हणून आता आशा त्यांच्यावर. लॅपटॉप नाही, मोबाइलच आहे; नेटही रडतखडत चालतं. सकाळी ७ ते १० दरम्यानचा पातळ धूर दिसायला इन्सॅटचं कोणतं चॅनेल (म्हणजे कोणत्या प्रकाशपट्ट्यातलं चित्र) उघडू, आणि धुळीपासून तो वेगळा कसा ओळखू?